अक्काचे कांडप आणि माझ्या सतरा सूचना

एकतीस वर्षे मी धुळ्याच्या एका शाळेत भूगोल शिकवला. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासता तपासता हात आपोआप लाल पेनाकडे जाऊ लागला आणि कोणाला लिहिता येते, कोणाला येत नाही, हे आपल्याला पहिल्या परिच्छेदातच कळते असा माझा पक्का समज झाला. निवृत्तीनंतर या समजाची एकदाच कसोटी लागली. माझ्या थोरल्या बहिणीच्या धंद्याच्या वेबसाइटसाठी मजकूर लिहिणारी व्यक्ती मला निवडायची होती. त्या कसोटीत मी नापास झाले. चूक माझ्यापुरती राहिली असती तर ती लिहून ठेवण्याचे कारण नव्हते. परंतु तिच्यामुळे बायकांनी बावीस वर्षे अक्कावर टाकलेला विश्वास पणाला लागला, म्हणून सगळे क्रमाने सांगते.

अक्का चाळीसगावला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर मसाल्याचे कांडप चालवते. ज्यांनी कांडप पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते: पत्र्याच्या शेडमध्ये विजेवर चालणारी दोन लोखंडी मुसळे उखळीत आळीपाळीने पडतात आणि भाजलेल्या मिरच्या, धने, खोबरे, वाळवलेला कांदा यांचा काळा मसाला कुटून निघतो. आमच्या खान्देशात जुन्या घरांत हा मसाला कोणी दुकानातून आणत नाही. ज्या त्या घराचे प्रमाण वेगळे. होळी झाली की बायका आपापले सामान घेऊन येतात, मागच्या पडवीत चुलीवर आपल्या हाताने भाजतात आणि उखळीपाशी पाटावर बसून डोळ्यांदेखत कुटून घेतात. एका घराचे काम चालू असताना दुसऱ्या घरची बाई उंबऱ्याच्या आत येत नाही. ती बाहेर बाकावर बसते. दोन घरांच्या मध्ये अक्का मूठभर बाजरी उखळीत टाकून कुटते आणि ती बाजरी बाहेर काढून टाकते.

शिवाय एक वही आहे. प्रत्येक घराला एक पान. वर्षभराने प्रमाण आठवेनासे होते, सासू गेली की सून गोंधळते, म्हणून अक्काने ती सुरू केली. पानावर आडनाव नसते. ‘टाकीजवळच्या’, ‘तिन्ही जावा’, ‘दोंडाईचाची मिरची आणणाऱ्या’ अशा खुणा असतात. ज्या घराचे काम असेल त्याचे पान उघडून अक्का वही त्या बाईपुढे धरते. मोठ्याने कधी वाचत नाही. मी हे कितीतरी उन्हाळे पाहत आले होते. पाहणे वेगळे आणि वाचणे वेगळे, असे मी वर्गात नकाशा उघडताना मुलांना नेहमी सांगत असे. ते वाक्य मला स्वतःला लागू करण्याची वेळ पुढे आली.

वेबसाइटची कल्पना अक्काच्या मुलाची. तो वरणगावला कारखान्यात नोकरीला आहे आणि रविवारी घरी येतो. त्याचे म्हणणे रास्त होते. अक्काचे गुडघे दुखतात. वहीतल्या कितीतरी घरांच्या मुली पुण्याला, नाशिकला, सुरतेला दिलेल्या आहेत. त्यांनी वेबसाइटवरून कळवावे, अक्काने त्यांच्या माहेरचे पान पाहून मसाला करावा आणि पार्सल पाठवावे. काम वर्षभर थोडे थोडे राहील, उन्हाळ्यातली गर्दी ओसरेल.

“त्यावर लिहिणार कोण?” अक्काने विचारले.

“मावशी शोधेल ना. मावशीनं आख्खा जिल्हा तपासलाय, एक लिहिणारा नाही सापडणार तिला?”

“तिला सांगशील तर ती परीक्षा घेईल,” अक्का म्हणाली.

मी खरोखरच परीक्षा घेतली. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर सूचना टाकली. चार जणांनी तयारी दाखवली. चौघांना मी कांडपाविषयी अर्ध्या पानाची माहिती दिली आणि तिच्या आधारे दोनशे शब्द लिहून पाठवायला सांगितले. होळीला तेव्हा पाच आठवडे होते. इतका वेळ पुरेसा आहे, असे मला वाटले.

पहिले उत्तर धुळ्यातल्याच एका गृहस्थांचे आले. ते स्थानिक अंकांतून लिहीत असत. त्यांच्या दोनशे शब्दांत ‘मातीचा सुगंध’ होता, ‘परंपरेचा वारसा’ होता, ‘आईच्या हातची चव’ दोनदा होती. मुसळे नव्हती, उखळी नव्हती, चूल नव्हती. मी त्यांना फोन केला.

“यातलं कोणतं वाक्य लोणच्याच्या जाहिरातीत चालणार नाही, तेवढं सांगाल का?”

ते खुशीत म्हणाले, “सगळीच चालतील की, बाई! पापडालासुद्धा!”

दुसरे उत्तर जळगावच्या एका कार्यालयाकडून आले. तिथल्या तरुणाने समोरासमोर बोलू असे सांगितले, म्हणून मी बसने जळगावला गेले. काचेचे दार, थंड हवा, भिंतीवर मोठा पडदा. पडद्यावर आमचा मजकूर होता. नऊ वाक्यांत ‘खान्देशी काळा मसाला’ हे शब्द अकरा वेळा आले होते. मी ते बोटाने मोजले.

“मॅडम, हे माणसांसाठी नाहीये,” तो समजावण्याच्या सुरात म्हणाला. “हे सर्चसाठी आहे.”

“आणि माणसांसाठीचं?”

“ते एकदा आपण वर आलो की बघू.”

मी विचारले की वर आल्यावर जो माणूस वाचायला येईल तो हेच वाचेल ना? तो हसला आणि त्याने मला चहा मागवला. परतीच्या बसमध्ये मी एवढी चिडले होते की पारोळा केव्हा गेले ते कळले नाही.

तिसऱ्या उमेदवाराला माहिती पाठवायची राहिली होती; ती मिळताच त्याने दहा मिनिटांत उत्तर दिले. दोनशे शब्द मागितले होते, त्याने दोन हजार पाठवले. भाषा सफाईदार होती. मात्र त्यात ओल्या नारळाचा ताजा कीस होता, खाऱ्या वाऱ्यात वाळणाऱ्या मिरच्या होत्या आणि ‘आमचे तीन पिढ्यांचे आचारी’ होते. चाळीसगावपासून समुद्र किती दूर आहे, हे मी भूगोलाच्या शिक्षिकेने काय सांगावे? मी त्याला विचारले.

“मॅडम, ते टूलनं दिलंय. मी फक्त बघितलं.”

“खरंच बघितलंत?”

“म्हणजे... वरवर.”

त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मी एक गुण दिला. बाकी काही देण्यासारखे नव्हते.

दर दोन दिवसांनी भाच्याचा फोन येई. “मावशी, निकाल लागला का? का फेरतपासणी चालूये?” अक्का मागून म्हणे, “तिला म्हणावं, होळीच्या आत लाव.” मला त्या विनोदांचे हसू येत नव्हते. एका साध्या गोष्टीची मला चीड येत होती. समोर एक शेड आहे, दोन मुसळे आहेत, एक बाई आहे. जे आहे ते लिहा, इतकेच मागणे आहे, आणि तेवढे करायला कोणी तयार नाही. प्रत्येक जण आपल्या पिशवीत आधीच भरून ठेवलेले काढून देत होता. शाळेतही अशी मुले असत. प्रश्न कोणताही असो, पाठ केलेला निबंध लिहिणारी.

चौथी उमेदवार जळगावची एक तरुण मुलगी होती. दुकानांच्या जाहिराती लिहीत असे. तिने उत्तर पाठवलेच नाही. फोन केला. “मॅडम, अर्ध्या पानावरून कसं लिहू? मी आधी येऊन बघते.” आणि ती सकाळच्या गाडीने चाळीसगावला आली. उन्हाळा लागला नव्हता, तरी एकदोन घरांचे लवकरचे काम चालू होते. ती बाहेर बाकावर बसली, मग पडवीत उभी राहिली, आधी मिरची भाजतात की खोबरे, चुलीत कोणते लाकूड घालतात, मुसळाला तेल कधी देतात, असे विचारत राहिली. अक्काला ती आवडली. “ही विचारते तरी,” अक्का म्हणाली.

चार दिवसांनी तिचे दोनशे शब्द आले. पहिले वाक्य असे होते: ‘मिरची आधी उन्हात तापते, मग तव्यावर, आणि शेवटी बघणाऱ्याच्या नाकात.’ मी पूर्ण मजकूर दोनदा वाचला. लाल पेन हातातच राहिले. दहापैकी नऊ गुण दिले. दहा मी कोणालाच देत नाही. निवड झाली.

आता माझ्याकडून कसूर व्हायला नको, या विचाराने मी तिच्यासाठी एक फाइल तयार केली. कांडपाचा इतिहास, यंत्राचे वर्णन, कामाचा क्रम, येणाऱ्या बायकांच्या सवयी, असे विभाग पाडले. सुरुवातीला सतरा सूचना लिहिल्या. वाक्य पंधरा शब्दांपेक्षा मोठे नको. ‘अस्सल’ हा शब्द वापरू नये. एकाच गोष्टीला दोन नावे देऊ नयेत. चौथी सूचना तिसऱ्या उमेदवाराच्या नारळाची आठवण ठेवून लिहिली होती: या फाइलबाहेरचे एकही वाक्य घेऊ नये. कामाच्या क्रमात मी लिहिले की पुढच्या घरची बाई बाहेर बसते, कारण आत ठसका लागतो. आणि मध्ये बाजरी कुटतात ती स्वच्छतेसाठी.

शेवटी मला वाटले, उदाहरणाशिवाय नियम समजत नाही. वर्गात मी हे आयुष्यभर पाळले होते. एका रविवारी अक्का पडवीत चुलीपाशी असताना मी कपाटातली वही काढली, बऱ्यापैकी स्वच्छ अक्षरात लिहिलेले एक पान निवडले, मोबाइलने त्याचा फोटो घेतला आणि तो फाइलला जोडला. पानाच्या डोक्यावर खूण होती: ‘धुळे रस्ता, खानावळ’. ते पान एका बाईचे होते. चाळीसगावहून धुळ्याकडे जाताना रस्त्याला लागून तिची पत्र्याची खानावळ आहे. तिची शेवभाजी खाण्यासाठी ट्रकवाले आपली वेळ जुळवून थांबतात. मी हे जाणत होते, आणि म्हणूनच ते पान मला बोलके वाटले.

मजकूर वेळेवर आला. सहा पाने होती. त्यांतले सर्वांत चांगले पान वहीविषयी होते. वही कशी सुरू झाली, सासू गेल्यावर सुना ती कशी उघडून घेतात, हे सांगून झाल्यावर तिने त्या खानावळीच्या मसाल्याचे उदाहरण दिले होते: काय काय, किती किती, काय कशावर भाजायचे, आणि इतर कोणी घालत नाही अशी एक वस्तू. ते प्रमाण मी इथे पुन्हा लिहिणार नाही. मी त्या पानातला एक स्वल्पविराम हलवला आणि समासात ‘उत्तम’ असे लिहिले.

भाच्याने सगळे वेबसाइटवर चढवले आणि मोबाइल आईपुढे धरला. अक्काने फोटो पाहिले, मुसळांचा छोटा व्हिडिओ दोनदा पाहिला. अक्षर बारीक, चष्मा आत.

“छान दिसतंय. लिहिलंय ते बरोबर आहे ना?”

“मावशीनं तपासलंय, आई. मग कोण चूक काढणार?”

वेबसाइटची माहिती ओळखीच्या गटांतून फिरली. पुण्याहून, सुरतेहून फोन आले. पाचव्या दिवशी मी चाळीसगावलाच होते. दुपारी साधारण बाराला खानावळवाली बाई आली. भर जेवणाच्या वेळेला ती आपली चूल सोडून कधी येत नाही, एवढे मला माहीत होते. तिच्या हातात तिच्या मुलीचा मोबाइल होता. बाहेर बाकावर दोन बायका आपल्या पाळीची वाट पाहत बसल्या होत्या.

“अक्का, काय शे हाई?” तिने मोबाइल पुढे केला.

अक्काने चष्मा लावला आणि उभ्या उभ्या सगळे पान वाचले. वाचताना तिचे ओठ हलत होते. मुसळे चालू होती, तिने हात लांब करून बटण बंद केले. नंतर माझ्याकडे पाहिले. माझ्याशी बोलताना अक्का नेहमी शाळेतली मराठी बोलते; राग आला की तिची अहिराणी बाहेर येते.

“कोनले इचारीसन काढा तू हाऊ फोटो?” कोणाला विचारून काढलास हा फोटो?

मी जे उत्तर दिले ते आजही माझ्या कानांत आहे. मी म्हणाले, “अक्का, पण नाव कुठेच टाकलेलं नाही.”

खानावळवाली हसली. “नाव? बाई, त्या रस्त्यावर असा मसाला करणारी दुसरी कोण शे? काल समोरचा ढाबेवाला माझ्या पोरीला विचारतो, ताई, खोबरं कोळशावर का चुलीवर? घरी येऊन पोरगी रडली. मी म्हटलं, रडते कशाला, त्याला पान छापून दे, भिंतीला लावेल.”

“मी आत्ताच काढून टाकायला सांगते,” मी म्हणाले.

“काढा ना. त्याच्या मोबाइलमधून कोण काढेल?” मग ती माझ्यासमोर आली. आवाज चढवला नव्हता. “तुम्ही मास्तरीण होत्या ना? एका पोराचा पेपर दुसऱ्या पोरांना वाचून दाखवायच्या का?”

नाही. कधीच नाही. गुण सांगतानाही मी मुलाला जवळ बोलवून हळू आवाजात सांगत असे, आणि टेबलावरचा गठ्ठा पालथा ठेवत असे. हे मी तिला सांगू शकले नाही, कारण ते सांगण्याने माझी बाजू सावरत नव्हती, उलट आणखी पडत होती.

“अक्का, मनं पान माले द्या,” ती म्हणाली.

अक्काने वही काढली. शिलाईजवळून ब्लेडने पान अलगद कापले आणि तिच्या हातात दिले. तिने घडी घालून ते कमरेच्या पिशवीत ठेवले आणि मागे न पाहता निघून गेली. बाकावरच्या दोघी उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांतली वयस्कर आत न येता उंबऱ्यावरूनच म्हणाली, “अक्का, आम्हना पान बी देई टाका आते. सून लिही ठेवी.” आमचे पान देऊन टाका, सून लिहून ठेवेल. अक्काने दुसरे पान कापले.

त्या आठवड्यात सात पाने गेली. कोणी भांडले नाही. कोणी कारणही सांगितले नाही. अक्का प्रत्येकीला पान देई, आणि वही कपाटात ठेवताना ती आता नीट उभी राहत नाही, एवढेच म्हणे.

मी जळगावच्या मुलीला फोन केला. चार आठवड्यांची चीड त्या एका फोनमध्ये ओतली. कोणती माहिती छापायची असते आणि कोणती नसते, एवढे कळायला नको का, असे काहीतरी बोलले. माझे झाल्यावर ती बोलली.

“मॅडम, फाइलबाहेरचं वाक्य नको, ही तुमची चौथी सूचना होती. आतलं काय नको, ते सतरांत कुठंच नव्हतं.” मग ती म्हणाली, “पण मी विचारायला हवं होतं. मी बाकावर बसले होते ना, तेव्हा एक बाई मला म्हणाली होती, आत जाऊ नको, तिचं चालू आहे. मला वाटलं, धुरामुळे.”

मी फोन ठेवला. ‘आत ठसका लागतो’ असे मीच तिला फाइलमध्ये लिहून दिले होते, आणि ते अक्काला न विचारता लिहिले होते.

संध्याकाळी भाकरी थापताना अक्काचा राग जरा उतरला होता. मी विचारले, बायका बाहेर बसतात ते ठसक्यासाठी नाही का?

“ठसका?” अक्काने तव्यावरची भाकरी उलटली. “वारा पडवीकडून येतो आणि बाकाकडे जातो. ठसका आतल्यापेक्षा बाहेरच जास्त लागतो. तू भूगोल शिकवलास ना? वारा कुठून येतो ते नाही बघितलंस?”

“आणि बाजरी?”

“एका घराचा वास दुसऱ्या घराला जाऊ नये म्हणून. नाक तेज असलेल्या बायका वासावरून सगळं ओळखतात.” मग ती म्हणाली, “तुला कधी सांगितलं नाही मी. तू कधी कांडायला बसलीच नाहीस. तुझा डबा मीच भरून देत आले.”

हे खरे होते. माझ्या धुळ्याच्या घरातला मसाला दरवर्षी अक्काच्या हातचा येत असे. वहीत माझे पान नव्हते.

भाच्याने ते पान वेबसाइटवरून काढले. गटांतून फिरलेले फोटो राहिलेच. होळीच्या चार दिवस आधी मी आणि अक्का बसने खानावळीत गेलो. जेवणाची गर्दी होती. आम्ही कोपऱ्यातल्या बाकावर बसलो. तिने आम्हांला पाहिले, पण हातातले काम संपेपर्यंत आली नाही. नंतर दोन ताटे आणून ठेवली. वरण-बट्टी होती.

“शेवभाजी नाही देत,” ती मला म्हणाली. “तुम्हांला आता घरी करता येईल.”

शेजारचा ट्रकवाला हसला. मी मान खाली घालून माफी मागितली. मी दोन वाक्ये तयार करून नेली होती. दोन्ही नीट बांधलेली होती आणि दोन्ही त्या जागी विचित्र वाटली. ती बरे म्हणाली नाही, असू द्या म्हणाली नाही. तिचे काय गेले हे मला शब्दांत मांडता येत होते. ते परत कसे द्यायचे, हे मात्र मला येत नव्हते.

अक्काने बट्टी संपवली, हात धुतला आणि मग बोलली. “पान तुझ्याकडे आलंय. डोक्यात आहे ते मला काढून देता येत नाही, पण ते बाहेर पडणार नाही. दरवर्षी होळीनंतर कांडप उघडतं तो पहिला दिवस तुझा असतो. यंदाही तो मी कोणाला दिलेला नाही.”

“बघू,” ती म्हणाली, आणि ताटे उचलली.

घरी आल्यावर अक्काने स्वतः जळगावच्या मुलीला फोन लावायला सांगितले. मला वाटले, झापणार. तिने मात्र वेबसाइट पुन्हा लिहायला सांगितली. मी आश्चर्याने विचारले, हीच? अक्का म्हणाली, “ही एकदा भाजलेली आहे. नवीन आणशील ती अजून भाजायची आहे.” मुलगी पुन्हा गाडीने आली. यावेळी तिने स्वतःची वही उघडली, लेखणी काढली आणि पहिला प्रश्न असा विचारला: “अक्का, काय लिहायचं नाही, ते आधी सांगा.”

अक्का एक तास बोलली. प्रमाण नाही. घरांच्या खुणा नाहीत. कोण कोणत्या दिवशी येते ते नाही. कोणाची सून कशी भाजते ते नाही. पार्सलही नाही, कारण समोर बसल्याशिवाय आता मसाला होणार नाही. माहेरी आलेल्या मुलींनी येऊन बसावे आणि घेऊन जावे. मी बाजूला बसले होते. माझ्या सतरा सूचनांपैकी एकही त्या तासात आली नाही. मुलगी लिहून घेत होती, मध्येच थांबून विचारत होती, “आणि बाजरीचं? ते लिहू?” अक्का म्हणाली, “बाजरी लिही. बाजरी आमची आहे.”

शेवटी मजकूर सहा ओळींचा झाला. पत्ता, वेळ, काय आणायचे, भाजणे अक्काच्या चुलीवर की तुमच्या घरी, दोन घरांच्या मध्ये कुटायची बाजरी, आणि शेवटची ओळ: ‘तुमचे काम चालू असताना आत फक्त तुम्ही.’ भाच्याने तो वाचला आणि कपाळाला हात लावला. “आई, पार्सलसाठी तर केली होती ही वेबसाइट! मग आता कशाला ठेवायची?” अक्का म्हणाली, “वेळ कळवायला. लोकं बंद असताना येतात.” तो वरणगावला परतताना माझ्याशी बोलला नाही. त्याचीही चीड मला समजत होती. आईच्या गुडघ्यांसाठी त्याने सगळे मांडले होते आणि गर्दी आहे तिथेच राहिली.

होळीच्या दुसऱ्या दिवशी कांडप बंद असते. तिसऱ्या दिवशी सकाळी अक्काने उखळी धुतली, मूठभर बाजरी कुटली आणि पाट मांडला. इतर कोणाला तिने वेळ दिली नव्हती. आठ वाजले, नऊ वाजले. बाहेरून दोघींनी विचारले, रिकामेच आहे ना, आम्ही करून घेऊ का? अक्काने नाही म्हटले. मी हिशेब करत बसले होते: खानावळीपासून बस किती वाजता निघते, कुठे थांबते. दहा वाजून गेले तेव्हा मला वाटू लागले की ती दुसरीकडे गेली असणार.

साडेदहाला रिक्षा थांबली. ती उतरली. मिरच्यांचे पोते वेगळे होते. दरवर्षीपेक्षा लाल, बारीक. पिशव्याही जास्त होत्या. पडवीकडे जाताना तिने मला पाहिले आणि ती तशीच पुढे गेली. भाजणे तासभर चालले. त्या वासात पूर्वीचा कोळशाचा करपट गोडवा नव्हता. दुसरेच काहीतरी होते, जे मला ओळखता आले नाही.

“नवं केलंस?” अक्काने विचारले.

“करावं लागलं. त्या ढाबेवाल्याकडे जुनं गेलं ना.”

“पान लिहू?”

“लिहू नका. कानात सांगते.”

अक्काने मुसळांच्या बटणावर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “तू बाहेर बस.”

मी उठले, उंबरा ओलांडला आणि बाकावर जाऊन बसले. आत त्या दोघी पाटावर एकमेकींच्या जवळ वाकल्या होत्या. मग मुसळे सुरू झाली आणि काही ऐकू येईनासे झाले. वारा पडवीकडून येत होता आणि बाकाकडे जात होता. पहिल्या पाच मिनिटांतच मला ठसका लागला. डोळ्यांतून पाणी वाहू लागले, तरी काम संपेपर्यंत मी जागेवरून हलले नाही.